जुन्या पिकअपचे पुढचे बुश: खटखट ओळखण्यापासून शेवटचा बोल्ट कसेपर्यंत

ब्रेक दाबला की खालून ‘टक्’, ब्रेक सोडून गाडी पुढे घेतली की परत ‘टक्’. दहा-बारा वर्षं राबलेल्या पिकअपमध्ये हा आवाज सुरू झाला, की बहुतेक जण आधी शॉकअब्सॉर्बर बदलतात, मग स्टिअरिंगचे एंड. आवाज तसाच. शेवटी कोणीतरी खाली शिरून पहार लावतो आणि दिसतं, की चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशाची नळी फाटक्या रबरात नुसती लोंबतेय.

आपल्याकडे पिकअपला आराम नसतो. सोयाबीन निघालं की लातूरचा मोंढा, हळद निघाली की वसमत-हिंगोली, मोसंबीचा तोडा आला की जालना, आणि मधल्या दिवसांत सिमेंट, खत, कडबा, नाहीतर वऱ्हाड. पासिंग किती आणि भरती किती याची चर्चा इथे नको. त्यात अर्धा प्रवास पाणंद रस्त्याचा. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांचं ऊन आणि वरून इंजिनची धग यांनी रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. पावसाळ्यात त्याच भेगांत काळी माती शिरते आणि वाळल्यावर कानशीसारखी रबर घासत राहते. इंजिनचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल आर्मवर ठिबकत असेल तर विचारायलाच नको, रबर फुगून मऊ पडतं. म्हणून नवे बुश टाकण्याआधी ती गळती बंद करा.

बुश बदलणं अवघड काम नाही. वेळखाऊ आहे, अंगमेहनतीचं आहे, आणि त्यात एक-दोन ठिकाणी खरा धोका आहे. पण नवे टाकलेले बुश सहा महिन्यांत परत गेले, की “दादा, माल डुप्लिकेट निघाला” हे जे ऐकायला मिळतं, ते पुष्कळदा खरं नसतं. माल बरा असतो, बोल्ट चुकीच्या वेळी कसलेले असतात. ते का, हे कळायला आधी बुश कसा काम करतो ते बघू.

बुशाच्या आत काय चालतं

बाहेर पोलादी कवच, आत पोलादी नळी आणि मध्ये दोन्हींना पक्कं चिकटवलेलं रबर, एवढाच बुश असतो. कवच आर्मच्या भोकात दाबून घट्ट बसवलेलं असतं. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि चासीच्या दोन कानांमध्ये ती नळी करकचून आवळली जाते. नळीच्या टोकांना बारीक दाते असतात, ते त्यासाठीच. म्हणजे चाक खाली-वर होताना नळी बोल्टवर फिरत नाही आणि कवच आर्ममध्ये फिरत नाही. आर्म हलतो तेव्हा फक्त मधलं रबर पिळलं जातं आणि पूर्वस्थितीला येतं. इथे काही घसरत नाही, म्हणून वंगणही लागत नाही.

आता समजा, गाडी जॅकवर आहे, चाक लोंबतंय, आर्म खाली झुकलेला आहे आणि तशाच अवस्थेत तुम्ही बोल्ट पूर्ण कसला. रबराने तीच आपली मूळ जागा धरली. गाडी जमिनीवर उतरवली की आर्म वर येतो आणि रबर पिळलं जातं. गाडी अंगणात उभी असतानाही ते पिळलेलंच. त्यावर खड्डा आला की आणखी पीळ, ब्रेक मारला की आणखी ओढ. असं रबर किती दिवस टिकणार? महागातला महाग बुशही यातून वाचत नाही.

आधी खात्री करा

खटखट चार-पाच जागांहून येऊ शकते, आणि चुकीच्या जागी पैसे घालायचे नसतील तर अर्धा तास तपासणीला द्या.

पुढचं एक चाक उचला. दोन हात घड्याळातल्या १२ आणि ६ या जागी ठेवून चाक आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा गोलाकार सांधा) किंवा व्हील बेअरिंग संशयित. सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. तरीही खेळ राहिला तर बॉल जॉइंट, गेला तर बेअरिंग. मग हात ३ आणि ९ या जागी नेऊन हलवा, इथला खेळ बहुधा टाय रॉडच्या (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा दांडा) एंडचा असतो. बॉल जॉइंट तपासताना एक लक्षात असू द्या, चासीवर उचललेल्या गाडीत स्प्रिंगचा जोर जॉइंटला ताणून धरतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारा दांडा) खालच्या आर्मवर असेल, तर जॅक खालच्या आर्मखाली घेऊन तपासा.

बुश मात्र गाडी चाकांवर असताना बघायचे. पिटवर (गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा) गाडी घ्या, टॉर्च लावा. मधली नळी कवचाच्या बरोबर मध्यभागी आहे की एका बाजूला सरकलीय? रबरात आरपार भेग आहे? रबर कडेने बाहेर आलंय? वरवरच्या बारीक चिरा जुन्या रबरावर असतातच, तेवढ्यावरून निकाल देऊ नका. आर्म आणि चासीच्या कानामध्ये पहारीचं टोक घालून हलकेच दाबा. आर्म किंचित दबून परत आला तर ठीक. सहज सरकला आणि ‘टक्’ वाजला तर बुश गेला.

चालवतानाची लक्षणंही बोलकी असतात. मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना ब्रेकसरशी गाडी एका अंगाला खेचते. समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सारखं दुरुस्त करत राहावं लागतं. अलायमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करूनही टायर आतल्या कडेने खातो. अलायमेंटवाला आकडे बरोबर आणून देतो, पण ते आकडे गाडी उभी असतानाचे. ब्रेक लागला की आर्म मागे सरकतो आणि सगळे आकडे बदलतात.

स्टॅबिलायझर बारचे (दोन्ही चाकांना जोडून गाडीचं डुलणं कमी करणारा दांडा) रबर आणि त्याच्या लिंका यांचा आवाज वेगळा असतो. एकच चाक खड्ड्यात गेलं किंवा बैलगाडीच्या चाकोरीत गाडी डुलली की तो येतो, ब्रेकशी त्याचा संबंध नसतो.

तुमच्या गाडीखाली नेमकं काय आहे

नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वर्षानुसार आणि मॉडेलनुसार पुढची रचना वेगळी सापडते. खाली वाकून बघा.

पुढे सरळ धुरा आणि त्यावर पाटे असतील, तर बदलायचे ते पाट्याच्या डोळ्यातले आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या) बुश. ते काम बरंच सोपं आहे, त्याबद्दल शेवटाकडे.

वर-खाली दोन आर्म असतील तर स्प्रिंग कुठली ते बघा. आर्मपासून चासीला समांतर मागे जाणारा लांब गोल दांडा दिसला तर तो टॉर्शन बार. शॉकअब्सॉर्बरभोवतीच कॉइल स्प्रिंग गुंडाळलेली असेल, तर स्प्रिंग आणि शॉक एकत्र निघतात. आणि आर्म व चासीच्या मध्ये स्प्रिंग मोकळी बसवलेली असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: हे काम घरी करू नका. खालचा आर्म सुटला की दाबलेली स्प्रिंग सुटते, आणि ती समोर काय आहे ते बघत नाही. स्प्रिंग दाबायचं योग्य हत्यार आणि अनुभवी हात असलेल्या गॅरेजातच ते करून घ्या.

फार जुन्या काही गाड्यांत रबराऐवजी आटे असलेले पोलादी बुश आणि ग्रीसचा निप्पल असतो. त्यात ग्रीस वेळेवर मारणं हाच इलाज, आणि खाली सांगितलेला पीळाचा नियम त्यांना लागू नाही.

सामान घेताना

दुकानात जाताना चासी नंबर लिहून न्या. जुना बुश निघालेला असेल तर तोही न्या आणि काउंटरवरच व्हर्नियरने बाहेरचा व्यास, आतल्या नळीचा व्यास, लांबी जुळवून घ्या. गाडी दारात उघडी पडल्यावर अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळणं वाईट.

पॉलियुरेथेनचे रंगीत बुश हल्ली सहज मिळतात. साधं रबर शोअर ए या कडकपणाच्या मापावर साधारण ५० ते ७० कडक असतं, पॉलियुरेथेन ८० ते ९५. ते तेलाला दाद देत नाही आणि झिजतं कमी, पण रस्त्याचा प्रत्येक दणका चासीपर्यंत पोचवतं आणि सिलिकॉन ग्रीस न लावता बसवलं तर कर्र-कर्र करत राहतं. डांबरी रस्त्यावर मोजका माल नेणाऱ्याला ते मानवेल. पाणंदीतून रोज जाणाऱ्या गाडीला मी चांगल्या कंपनीचं रबरच सांगेन, कारण दणका कोणीतरी खायलाच हवा. बुशाने नाही खाल्ला तर आर्मचे कान आणि चासीचे जोड खातात.

बॉल जॉइंटही सैल असेल आणि तो आर्मशी एकसंध असेल, तर पूर्ण आर्म घेणंच परवडतं. बुश त्यात आधीच बसवलेले येतात आणि प्रेसचं सगळं काम वाचतं. फक्त बुश बदलायचे ठरलं तर दोन्ही बाजूंचे बदला. एका बाजूला ताजं रबर आणि दुसऱ्या बाजूला थकलेलं, अशी गाडी ब्रेकला सरळ थांबत नाही.

यासोबत नवे लॉक नट, नव्या स्प्लिट पिना आणि स्टॅबिलायझरचे रबरही आणून ठेवा. नायलॉनचे लॉक नट एकदा सोडले की त्यांची पकड जाते.

हत्यारांत गोटी पान्याचा चांगला सेट, लांब टॉमी, रिंग पाने, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळण्यासाठीचा), दोन हातोड्या, हॅक्सॉ, पहार, बळकट जॅक आणि दोन जॅक स्टँड, म्हणजे घोड्या. टॉर्क पाना नसेल तर ओळखीच्या गॅरेजातून एका दिवसासाठी आणा. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात आणि पान्यावर न्यूटन-मीटर. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, साधारण दहापट धरा. प्रत्येक बोल्टचा आकडा तुमच्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या, दुसऱ्या गाडीचा चालत नाही.

आदल्या दिवशी

गाडी धुऊन घ्या, तेही खालून. वाळलेली काळी माती बोल्टभोवती अशी बसते की पान्याची गोटी पूर्ण बसत नाही आणि मग बोल्टचं डोकं गोल होतं. कोकणासारखा गंज आपल्याकडे नसला, तरी आतल्या नळीत बोल्ट जाम झालेला असतोच. प्रत्येक नट-बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर राहू द्या. रबरावर मात्र तो उडू देऊ नका, निदान जे रबर ठेवायचं आहे त्यावर तरी.

मग गाडी सपाट जागी उभी करा, टायरची हवा नीट करा आणि एक माप घ्या: चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत किती सेंटिमीटर आहे ते दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. अख्ख्या कामात हे सगळ्यात उपयोगी माप आहे. गाडी मोकळी असावी. पिकअपचा भार बहुतेक मागच्या धुऱ्यावर येतो, भरल्यावर पुढची उंची मागच्यासारखी बदलत नाही, त्यामुळे मोकळ्या गाडीचं माप चालतं.

टॉर्शन बार असेल तर त्याच्या मागच्या टोकाच्या ॲडजस्टर बोल्टचे किती आटे बाहेर आहेत तेही स्केलने मोजून ठेवा.

गाडी उचलणं आणि मोकळं करणं

जागा कठीण हवी, फरशी किंवा काँक्रीट. शेतातल्या मातीत घोडी खचते. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग पुढचा भाग उचलून चासीखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावा आणि गाडीला हाताने जोरात हलवून बघा. हलली तर परत बसवा. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही, “दोन मिनिटांचंच काम आहे” असं असलं तरी नाही. काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा. घोडी सुटलीच तर गाडी त्यावर येते.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जशीच्या तशी असली की वायसर कुठल्या बाजूला होता हा वाद उरत नाही. मोबाईलवर फोटोही काढा.

आधी स्टॅबिलायझरची लिंक दोन्ही बाजूंनी सोडा. एकाच बाजूने सोडली तर बार दुसऱ्या चाकाच्या ताणाने आर्म ढकलत राहतो. मग शॉकअब्सॉर्बरचा खालचा बोल्ट. ब्रेक कॅलिपर काढावा लागला तर तारेने चासीला बांधा, होजवर लोंबू देऊ नका. होज आतून फाटली तर बाहेरून कळतही नाही.

टॉर्शन बारची गाडी असेल तर आता बारचा ताण उतरवायचा. बार, त्याचं पुढचं टोक आणि मागचा अँकर यांवर रंगाने सलग रेघ मारा, म्हणजे परत त्याच दात्यावर बसवता येईल. ॲडजस्टर बोल्ट हळूहळू सोडा, अँकरच्या रेषेत तोंड ठेवू नका. काही गाड्यांत बोल्ट पूर्ण सुटल्यावरही अँकरवर ताण उरतो आणि तिथे खास पुलर लागतो. मॅन्युअल तसं सांगत असेल तर पुलर मिळेपर्यंत थांबा. डावा आणि उजवा बार अदलाबदल करायचा नाही, प्रत्येकाला त्याच्या पिळाच्या दिशेने तयार केलेलं असतं. बार पकडायला दात्यांचा पाना लावू नका. त्यावर पडलेल्या ओरखड्यातूनच पुढे तडा जातो.

बॉल जॉइंट सोडवण्यासाठी नट पूर्ण काढू नका, चार-पाच आटे अडकलेले ठेवा. मग ज्या डोळ्यात जॉइंटचा खुंटा बसलाय त्या डोळ्याच्या बाजूला हातोडी मारा, विरुद्ध बाजूला दुसरी जड हातोडी टेकवून. दोन-चार टोल्यांत खुंटा सुटतो आणि नट असल्यामुळे आर्म धाडकन खाली येत नाही. खुंट्याच्या टोकावर मारलं तर आटे खराब होतात आणि जॉइंट नवा घ्यावा लागतो.

आता वरच्या आर्मचं प्रकरण. पुष्कळ गाड्यांत त्याच्या शाफ्टमागे पातळ पत्त्या असतात, पुढच्या बोल्टमागे काही, मागच्या बोल्टमागे काही. कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे कल) या पत्त्यांनी ठरतात. पुढच्या वेगळ्या बांधा, मागच्या वेगळ्या, आणि चिठ्ठी लावा: ‘डावी पुढची’, ‘डावी मागची’. कारखान्यातून त्या मोजून बसवलेल्या असतात. पत्त्यांऐवजी खालच्या आर्मच्या बोल्टला विकेंद्री वायसर (भोक मध्यापासून बाजूला असलेला) असेल तर वायसर आणि चासीवर छिन्नीने जोडीने खूण करा. रंगाची खूण धुतली जाते.

बोल्ट नळीत जाम असेल तर घण घालायची घाई नको. नट उलटा लावून बोल्टचं डोकं पान्याने थोडं मागे-पुढे फिरवा, स्प्रे मारा, परत फिरवा. बोल्टबरोबर नळीही फिरत असेल तर रबर फाटेल, पण बुश तसाही फेकायचाच आहे. अगदीच निघाला नाही तर कान आणि बुश यांच्या फटीतून ब्लेडने बोल्ट कापा. गॅस कटर मात्र चासीच्या कानाजवळ आणू नका.

जुना बुश काढणं

गावोगाव चालणारी पद्धत म्हणजे गॅसने रबर जाळायचं आणि कवच छिन्नीने फोडायचं. काम लवकर होतं हे खरं. पण धूर विषारी असतो, बॉल जॉइंटचं बूट वितळतं आणि पत्र्याचा दाबून केलेला आर्म तापवून आपण त्याची ताकद कमी करतो. जवळच्या लेथवाल्याकडे १० ते २० टनांचा हायड्रॉलिक प्रेस असेल तर दोन्ही आर्म तिकडे न्या. तिथे उभं राहून दोन गोष्टी बघा. आर्मचा डोळा खालून जाड पाइपच्या तुकड्यावर टेकलेला हवा आणि पाइपचा आतला व्यास बुशाच्या कवचापेक्षा थोडा मोठा हवा. आणि आर्म पत्र्याचा असेल तर त्याच्या दोन भिंतींच्या मध्ये आधाराचा तुकडा घातलेला हवा, नाहीतर बुश निघण्याआधी भिंती आत दबतात आणि आर्म भंगारात जातो.

प्रेस नसेल तर आट्यांची चांगल्या प्रतीची जाड सळई, दोन नट, जाड वायसर, एका टोकाला पाइपचा तुकडा आणि दुसऱ्या टोकाला कवचाच्या मापाची गोटी. आट्यांना ग्रीस लावून नट आवळत जा, बुश पाइपमध्ये सरकतो. साध्या हार्डवेअरच्या दुकानातली सळई यात ताणली जाऊन आटे जातात, हाय-टेन्साइल मागा.

तरीही हटला नाही तर ड्रिलने रबर पोखरा, मधली नळी काढून टाका, हॅक्सॉचं ब्लेड आत घालून कवच आतून एका रेषेत कापा आणि छिन्नीने आत दुमडा. कापताना आर्मच्या डोळ्यात चीर पडू देऊ नका. ब्लेडला पोलाद बदलल्याचं जाणवलं की थांबायचं.

जुना बुश काढण्याआधी तो कुठल्या कोनात बसलाय हे आर्मवर खूण करून ठेवा. काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या सोडलेल्या असतात. त्या दिशेला बुश मऊ असतो आणि आडव्या दिशेला कडक. अशा बुशाला ९० अंश फिरवून बसवलं तर नवी गाडीही बिथरेल.

नवा बसवणं

डोळा आतून पॉलिश पेपरने साफ करा, कडेचे खडबडीत काठ कानशीने काढा. डोळा अंडाकृती झालेला असेल किंवा तडा दिसला तर तिथेच थांबा आणि आर्म नवा घ्या. वेल्डिंग करून बुश बसवणारे भेटतात, पण तो आर्म चाक धरून ठेवतो हे विसरू नका.

बुश रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवला तर थोडी मदत होते. थोडीच. ४५ मिलिमीटर व्यासाचं पोलादी कवच ४० अंशांवरून उणे १८ अंशांवर गेलं की मिलिमीटरचा जेमतेम तीन शतांश भाग आकसतं. त्यामुळे सुरुवात सरळ होते, बाकी जोर प्रेसचाच.

घालताना जोर फक्त बाहेरच्या कवचावर यायला हवा. मधल्या नळीवर किंवा रबरावर दाबलं तर चिकटवलेला जोड आतून सुटतो आणि नवा बुश डोळ्यासमोर बाद होतो. कवच नसलेले नुसते रबरी बुश असतील तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, दोन्ही रबर खातात. बुश सरळ जातोय का हे पहिल्या चार-पाच मिलिमीटरमध्येच बघा. तिरका गेला तर बाहेर काढून परत सुरू करा, जोराने सरळ होत नाही.

जोडणं, आणि शेवटचं कसणं

आर्म जागेवर घाला, बोल्टला किंचित ग्रीस लावा आणि नट हाताने चढवून खेळ जाईपर्यंतच आवळा, त्यापुढे नाही. पत्त्या आपापल्या जागी, विकेंद्री वायसर खुणेवर. वरच्या आर्मच्या शाफ्टचे चासीला जाणारे बोल्ट आत्ताच पूर्ण कसले तरी चालतात, कारण ते बुशातून जात नाहीत. बॉल जॉइंटचे नटही आत्ताच टॉर्कवर आणा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळून जुळवा, सैल करून कधीच नाही.

टॉर्शन बार खुणेवर बसवा, ॲडजस्टर बोल्ट मोजलेल्या आट्यांपर्यंत आणा. शॉक, कॅलिपर, होज जागेवर. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून होज कुठे ताणली किंवा पिळली जात नाही हे बघा. चाक लावा, गाडी खाली उतरवा. पुढच्या बंपरवर दोघांनी उभं राहून दहा-बारा वेळा दणके द्या, गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे घ्या. आर्म आपोआप आपल्या मूळ कोनात येतात.

आता आदल्या दिवशीचं माप काढा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर जुळलं? टॉर्शन बारच्या गाडीत फरक असेल तर बार ॲडजस्टरने जुळवून घ्या. मगच बुशांचे बोल्ट टॉर्कवर कसा, गाडीचं वजन चाकांवर असतानाच.

अडचण अशी, की गाडी खाली असताना पाना फिरवायला जागा नसते. म्हणून हे काम पिटवर करायचं. गावात पिट नसेल तर पुढच्या चाकांखाली जाड, रुंद फळ्यांची चढण करून गाडी वर घ्या आणि मागची चाकं पक्की अडवा. तेही जमत नसेल तर गाडी घोड्यांवरच ठेवून खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ जॅक लावा आणि चाक-मडगार्डचं अंतर लिहून ठेवलेल्या आकड्यावर येईपर्यंत उचला. चासी घोडीवरून सुटू देऊ नका. गॅरेजातून काम करून घेत असाल तर मिस्त्रीला नेमकं एवढंच सांगा: “भाऊ, आर्मचे बोल्ट गाडी खाली घेतल्यावर कसा.” तो कारण विचारेल. सांगा.

स्टॅबिलायझरच्या लिंकाही याच वेळी. पॉलियुरेथेनच्या बुशात नळी आत फिरते, म्हणून त्यांना हा नियम तितका लागू नाही.

पाट्याची गाडी असेल तर

इथे धुरा एका घोडीवर आणि चासी दुसऱ्या घोडीवर अशी तोलून धरा, की पाट्यावर ना ताण ना दाब. मग शॅकलचे आणि डोळ्याचे बोल्ट हाताने निघतात. शॅकलच्या पट्ट्यांची भोकं लांबट झालेली असतील तर बुशाबरोबर पट्ट्या आणि पिनाही बदला, नाहीतर नवा बुश एका हंगामात जाईल. मुख्य पाट्याच्या डोळ्याला तडा आहे का हे वायर ब्रशने घासून बघा. पाटा धुऱ्यापासून सुटा केला असेल तर यू-बोल्ट नवे घ्या आणि मधला बोल्ट धुऱ्याच्या भोकात नीट बसलाय ना ते बघा. तो सरकला तर धुरा तिरका होतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. शॅकलचे नटही गाडी चाकांवर आल्यावरच कसायचे.

नंतर

अलायमेंट लगेच करून घ्या. खुणा कितीही नीट जुळवल्या तरी नव्या रबराने आर्मची जागा किंचित बदललेली असते. पुष्कळ ठिकाणी फक्त टो, म्हणजे चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत, एवढंच बघून गाडी सोडतात. कँबर आणि कॅस्टरचेही आकडे मागा आणि छापील कागद घ्या. कॅस्टर डावी-उजवीत वेगळा आला तर पत्त्यांची चिठ्ठी कुठेतरी चुकली आहे.

पहिल्या ४००-५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा टॉर्कवर तपासा, तेही गाडी चाकांवर ठेवूनच. कसलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून चासीपर्यंत रंगाची एक रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी पाना न लावताही, रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय हे कळतं.